वाचवलेल्या वेळातली बावन्न मिनिटं

कोल्हापुरात आजवर सगळ्यांत जास्त वेळ कुणी वाचवला असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांनी. याबद्दल कुणाला शंका असेल तर पैज लावायला मी तयार आहे. लोक दूध वाचवतात, वीज वाचवतात, कुणी झिजू नये म्हणून चप्पल हातात घेऊन चालतात. मामांनी जन्मभर फक्त मिनिटं वाचवली. मिनिटं साठवायला कणगी नसते म्हणून बरं, नाहीतर त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नसती. आणि त्या साठ्यातली बावन्न मिनिटं एका दुपारी मी खाल्ली. सात वर्षं ही गोष्ट मी पोटात ठेवली. बायकोलाही सांगितली नाही. मी मुळातच कमी बोलणारा. कारखान्यात मी रजेवर असलो की दोन दिवसांनी लोकांच्या लक्षात येतं. न बोलणाऱ्या माणसाला लोक भला समजतात, ही त्यातली मोठी सोय. पण आज मामांविषयी लिहायला बसलोय, तर ती बावन्न मिनिटं बाजूला सारून लिहिता येणार नाही. आणि ती सांगायची तर आधी मामा सांगायला हवेत.

मामा सरकारी कचेरीत लघुलेखक होते. साहेब बोलत आणि मामा वहीत रेघोट्या मारत. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथंच असावं, कारण नव्वदच्या सुमाराला निवृत्त झाल्यावरही त्यांना पूर्ण शब्द लिहिणं जमेना. "पावणं, अख्खा शब्द लिहायचा म्हंजे दर पावलाला पायतान काढून परत घालायचं," असं ते मला म्हणत. किराणामालाची यादी लघुलिपीत. मामी ती घेऊन दुकानात गेल्या तेव्हा दुकानदारानं कागद उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाला, "वैनी, यादी घरीच ऱ्हायली जणू. ह्यो मामांचा कार्डिओग्राम हाय." मामी परत आल्या, मामांनी यादी वाचून दाखवली, मामींनी ती पाठ केली आणि पुन्हा दुकानात गेल्या. मामांची दीड मिनिटं वाचली. मामींचा अर्धा तास गेला, पण तो मामांच्या खात्यात धरायचा नसे.

पुढं घराघरांत यंत्रं आली आणि मामांना दुसरं तारुण्य फुटलं. कुठलंही यंत्र घरात आलं की त्याचं माहितीपत्रक ते पोथीसारखं वाचत, आणि आपण जन्मात वापरणार नाही ते बटण त्यांना आधी सापडे. फोनच्या पुन्हा-लावायच्या बटणावर त्यांचं इतकं प्रेम, की गेला फोन ज्याला लावला होता त्यालाच ते मुद्दाम दुसऱ्या कामाचं विचारत. बटण वाया जाऊ नये म्हणून. एकदा घरच्या लग्नाला जायचं होतं आणि त्याच दिवशी मामींची मालिका. मामांनी व्हीसीआरला वेळ लावून दिली. "तुम्ही निवांत अक्षता टाका, यंत्र बगून ठेवतंय." परत येऊन लावलं, तर दोन तास हळदीवरच्या करपा रोगाची माहिती. मामी उठायला लागल्या तसं मामांनी हात धरून बसवलं. "अगं, भरून ठेवलंय त्येनं. आता न बगता कसं चालंल?" दोघांनी दोन तास करपा पाहिला. इंटरनेटची दुकानं निघाली तेव्हा सत्तरीकडे झुकलेले मामा तासाच्या दरानं कॉम्प्युटरपुढे बसून दोन बोटांचे शॉर्टकट शिकून आले आणि दुकानातल्या पोरापोरींना "माऊस कशाला पायजे?" असं विचारत हिंडले. तिथल्या मालकानं त्यांना शेवटी खुर्ची बाहेर टाकून दिली. ही सगळी विद्या एका जाड वहीत उतरवलेली असे, आणि ती वही लघुलिपीत असल्यामुळं जगाच्या उपयोगाची नव्हती.

वाचवलेल्या वेळात मामा काय करत? संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसत. नुसते. तास-तासभर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हेच्यासाठीच तर वाचवतो की."

त्या घरात माझं स्थान काय होतं, तेही सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माझी बायको लहानपणी आईविना झाली, तिला मामा-मामींनी वाढवलं, त्यांना स्वतःचं मूल नाही. म्हणजे त्या घरचा एकुलता एक जावई मी. आणि आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. पहिल्या वर्षी मी सौजन्यानं म्हणालो, की कारल्याची भाजी छान झालीय. त्यानंतर अकरा वर्षं मला कारलं मिळालं. पण खरी गोष्ट घड्याळाची. मामा रोज सकाळी रेडिओवरच्या ठोक्याला आपलं मनगटी घड्याळ लावत. अशा माणसाला मी एकदा चार पाहुण्यांसमोर सहज म्हणालो, "मामा, सव्वादहा झाले. तुमचं मागं आहे." मामांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता काटा पाच मिनिटं पुढं केला. मागं नव्हतंच; माझं पुढं होतं. मी गेल्यावर त्यांनी ते पुन्हा नीट लावलं, हे मामींनी मला वर्षभरानं सांगितलं. "म्या म्हटलं, अवो, तुमचंच बरोबर हुतं की. तर म्हंत्यात, असूं दे, पावण्याच्या तोंडावर घड्याळ कोण खरं करतंय?"

मामांची सगळ्यांत लाडकी युक्ती म्हणजे रिंगांची. सुरुवात मामींपासून झाली. मामा बाहेरून निघाले की कुठल्या तरी दुकानातून घरी फोन लावत आणि एक रिंग वाजली की ठेवून देत. याचा अर्थ कुकर लावा. कुणी जेवायला बरोबर असेल तर दोन रिंगा. बोलायचं काहीच नाही. "हॅलो म्हणा, कोण म्हणा, बरं हाय का म्हणा, ह्येच्यात माणसाचं आयुष्य जातंय," हे त्यांचं म्हणणं. मग आमचं लग्न झाल्यावर, आम्ही राजारामपुरीत आणि मामा रंकाळ्याजवळ, अशी दोन घरांमध्ये रिंगांची पक्की भाषा ठरली. एक रिंग: पोचलो. दोन रिंगा: सवड झाली की फोन करा. तीन रिंगा: हातातलं टाकून या. तिसऱ्या रिंगेचे पोटनियम होते. ती देणाऱ्यानं आधी दाराची कडी काढून ठेवायची, म्हणजे येणाऱ्याचा वेळ जात नाही. आणि तीन रिंगा एकदाच द्यायच्या, पुन्हा फोन करायचा नाही. का, तर "एकदा हाक मारली की मारली. दुसऱ्यांदा मारली की पयल्या हाकंची किंमत जाती."

नियम झाले तशा चाचण्याही झाल्या. एका रविवारी मी जेवत होतो, तीन रिंगा आल्या, भाताचा हात तसाच पुसून स्कूटरला किक मारली आणि धापा टाकत मामांच्या दारात गेलो. मामा पायरीवर उभे. हातात घड्याळ. "अकरा मिन्टं. मिरजकर तिकटीच्या चौकात थांबला हुता काय?" मी काही बोललो नाही, बोललो असतो तर जावई रागावला असं झालं असतं. त्यांनी मला वहीतला नकाशा दाखवला. गर्दीचे दोन रस्ते टाळले तर नऊ मिनिटांत येता येईल. महिन्याभरानं पुन्हा तीन रिंगा. या वेळी मी आंघोळीतून ओल्या डोक्यानं गेलो. "साडेनऊ! सुधारणा हाय." तेवढ्यात मामी लाटणं घेऊन बाहेर आल्या. "अवो, लाज हाय का? जावयाला घोड्यागत पळवताय ते. परत असं केलासा तर मी माझ्या भैनीकडं जाऊन ऱ्हाईन." मामा वरमले. तुळशीकडे हात करून त्यांनी मला शब्द दिला, "पावणं, चाचणी संपली. आता हितनं फुडं तीन वाजल्या तर खऱ्याच."

हा शब्द मी ऐकला होता. पुढे मला तो आठवला नाही, असं मी म्हणू शकत नाही.

मग माझ्याकडे मोबाईल आला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा कारखाना नवा उभा राहिला होता, खरेदी विभागाला फोन दिले होते. मामांनी तो हातात घेतला आणि तासाभरात त्यात दहा तयार निरोप भरून दिले. एक ते दहा आकडे. अभिनंदन, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पोचायला उशीर होईल, आपल्या दुःखात सहभागी आहोत, असे. "आता टायपायची भानगड न्हाय. आकडा दाबा, मोकळे व्हा." मी मोकळा झालो. आमच्या मोठ्या साहेबांचे वडील वारले, सगळ्या विभागानं निरोप पाठवले, मीही एक आकडा दाबला. "मनःपूर्वक अभिनंदन! असेच यश मिळत राहो." साहेब मला काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मला मिळायची ती बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हाही काही बोलले नाहीत. आता विचार केला तर बढती कदाचित त्यामुळं गेली नसेल. पण त्या वेळी मला खात्री होती. मी ही गोष्ट मामांना सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही, नुसती चघळत बसलो. न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात राग फार दिवस टिकतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पौर्णिमा होती. बायको शेजारणींबरोबर नृसिंहवाडीला गेली होती. मला सुट्टी. जेवून कॉटवर पडलो होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एक. दोन. तीन. आणि थांबला.

मी झोपेत नव्हतो. टीव्ही चालू नव्हता. फोन उशाशीच होता. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतरच्या वर्षांत यातलं एकेक कारण मी स्वतःला देऊन पाहिलं आहे. मी ऐकलं, मोजलं, आणि छताकडे बघत म्हणालो, "बसा आता वाट बघत." काय झालं असेल याचा मी विचारसुद्धा केला नाही. न जाण्यात मला बरं वाटत होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. थोड्या वेळानं उठलो आणि चहा केला. आलं किसून घातलं. एरवी मला आलं किसायचा कंटाळा. तो चहा मी खिडकीत उभा राहून सावकाश प्यायलो, कप विसळून पालथा घातला, आणि मग कुठं आत काहीतरी टोचायला लागलं. फोन पुन्हा वाजला नव्हता. वाजणार नव्हताच. तो नियम होता.

मामांच्या दाराची कडी काढलेली होती. ती पाहिली आणि मी चपलांसकट आत धावलो. मामी न्हाणीघरात पडल्या होत्या. पाय एका अंगाला वळलेला, खाली पाणी. मामा त्या पाण्यात मांडी घालून बसले होते आणि मामींचं डोकं मांडीवर. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी समोर साबणाच्या फळीवर उभं करून ठेवलं होतं, दिसावं म्हणून. चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

"आलं बगा पावणं," मामी पांढऱ्या ओठांनी म्हणाल्या. "म्या म्हटलं न्हवतं, येत्यात म्हणून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पावणं," ते म्हणाले, "किती रिंगा आल्या?"

त्या विचारण्यात राग नव्हता. संशयही नव्हता. यंत्र बिघडलं की कारागीर विचारतो तसं ते विचारत होते. आणि राग असता तर मी कदाचित खरं बोललो असतो.

"दोन," मी म्हणालो. "दोनच आल्या. म्हटलं, सावकाश फोन करू. पण मन राहिना, म्हणून आलो."

"दोन?" मामा मामींकडे बघत म्हणाले. "म्या तीन दिल्या न्हवं गं?" मामींना बोलवेना. मग मी त्यांच्या तोंडावर तेच पाहिलं, जे घड्याळाचा काटा पुढं करताना पाहिलं होतं. "असंल. हात थरथरत हुता माझा. दोनच दिल्या असतील."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ओल्यात पडून राहिल्यामुळं छातीत कफ झाला आणि मामी महिनाभर दवाखान्यात राहिल्या. पाय लंगडा राहिला तो राहिलाच. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, की तासभर आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, पायाला काही फरक पडला नसता. हे वाक्य मी अनेक वर्षं औषधासारखं घेत होतो. पण डॉक्टरांनी पाय बघितला होता. ती बावन्न मिनिटं त्यांनी बघितली नव्हती. ती मला मामींनी सांगितली, दवाखान्यातल्या खाटेवर, हसत हसत. मामांना त्या उचलत नव्हत्या. ओरडून शेजार गोळा करावा, तर मामा म्हणाले, तेवढ्यात पावणं येतील. आणि मग ते मामींना धीर द्यायला माझा रस्ता सांगत बसले. "आता जिना उतरलं. आता स्कूटर चालू केली. आता मिरजकर तिकटी." नऊ मिनिटं झाली की पुन्हा पहिल्यापासून. "पाच-सा येळा तुम्ही मिरजकर तिकटीला आला बगा," मामी म्हणाल्या. मी हातातलं मोसंबं सोलत राहिलो.

त्याहून वाईट पुढं झालं. मी त्या घरातला देवमाणूस ठरलो. दोनच रिंगा येऊनही जावयाला आतून कळलं आणि तो धावत आला, ही कथा बायकोनं सगळ्या नात्यात पोचवली. "ह्यांना वाटलंच हो," असं ती सांगायची आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायची, की तसं तिनं लग्नानंतर पहिल्या वर्षीही बघितलं नव्हतं. मामी म्हणाल्या, जोतिबानंच धाडलं. त्या काठी धरून चालायला लागल्यावर सगळ्यांना डोंगरावर नेलं. मामांनी स्वतःच्या हातानं माझ्या कपाळाला, डोक्याला गुलाल लावला, ओंजळभर. घरी येऊन मी तीनदा डोकं धुतलं. चार दिवस उशीला गुलाबी डाग पडत होते, आणि बायको तो अभ्रा धुवायला टाकायला तयार नव्हती.

आणि मामा? मामांनी वेळ वाचवणं सोडून दिलं. एकदम. जसं कुणी तंबाखू सोडतं. वही कापडात बांधून माळ्यावर गेली. फोनचे नंबर ते आता एकेक आकडा बघून, ओठ हलवत फिरवत. चिठ्ठी लिहिली तर अख्ख्या शब्दांत, वर तारीख, 'सप्रेम नमस्कार', खाली पूर्ण सही. दुकानदारानं अशी पहिली यादी पाहिली तेव्हा मामींना विचारलं, "वैनी, मामांची तब्येत बरी हाय न्हवं?" मला फोन आला की सगळं साग्रसंगीत. हॅलो, कोण, बरं हाय का, पाऊसपाणी कसं हाय. मी इकडून "हो" म्हणायचो. मामी म्हणायच्या, "आता मीठ मागायला बी अर्ज लिहितील." सगळे हसायचे. संध्याकाळी रंकाळ्यावर जाणं बंद झालं, कारण मामींना एकटं सोडायचं नाही. मामी न्हाणीघरात गेल्या की मामा दाराबाहेर स्टूल टाकून बसत आणि दर मिनिटाला विचारत, "हाईस न्हवं?" आतून आवाज येई, "हाय की. कुटं जाती?" सात वर्षं हे मी पाहिलं. वाढलेलं कारलं खात पाहिलं.

मामांनी शहात्तरी गाठली त्या वर्षी बायकोनं त्यांच्यासाठी मोबाईल घेतला. रविवार होता, दुपार कलली होती. तिनं तो मामांपुढं ठेवला आणि समजावून सांगितलं, की दोनचं बटण जरा दाबून धरलं की थेट ह्यांना फोन लागतो. फोनकडे बघताना मामांचा हात मांडीवर थोडा हलला. मी पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

"नगं."

"मामा, एक बटण आहे नुसतं."

"म्हणूनच नगं."

"आणि उद्या मामी परत पडल्या तर? तुमचे गुडघे हे असले. पळत जाणार आहात?"

"रांगत जाईन," मामा म्हणाले. "माझ्या युक्तीवर माणूस सोडायचा न्हाय. एकदा सोडला हुता. त्या दिवशी पावण्याच्या मनात आलं नसतं तर?" आणि त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखे केले.

मी ते जोडलेले हात पाहिले. इतकी वर्षं जी वाक्यं मी पाठ केली होती त्यातलं एकही आलं नाही.

"मामा, तीन आल्या होत्या."

बायको म्हणाली, "काय तीन?"

"त्या दिवशी. तीन रिंगा आल्या होत्या. मी ऐकल्या. मोजल्या. मी जागा होतो, घरात होतो. आलो नाही. चिडलो होतो म्हणून आलो नाही. दोन म्हणालो ते खोटं."

बायकोच्या तोंडाकडे बघायचं मला धाडस झालं नाही. मामा पुढं झुकले.

"स्पष्ट आल्या?"

"स्पष्ट."

"मधलं अंतर?"

"सारखं. तिसरी पूर्ण वाजली, मग बंद झाली."

"म्हंजे," मामा म्हणाले, आणि थांबले. "म्हंजे पद्धत बरोबर हुती." त्यांचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "अगं, ऐकलंस का? तीन ग्येल्या हुत्या! माझा हात थरथरला न्हवता!"

"ऐकलं," मामी काठीवर भार देत म्हणाल्या. "पद्धत बरोबर हुती. हाडच तेवढं मोडलं."

मामांचं हसू मावळलं. त्यांनी मामींच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता येईल ते येऊ दे, असं म्हणून मी खाली मान घालून बसलो.

"पावणं," ते म्हणाले, "तवाच सांगितलं असतासा तर म्या रागावलो असतो. लई रागावलो असतो. आठ दिवस, पंधरा दिवस. मग झालं असतं की." ते माझ्याकडे खरोखरच न कळल्यासारखं बघत होते. "एवढ्या लांबच्या रस्त्यानं कुणी येतंय व्हय?"

मामी स्वयंपाकघराकडे निघाल्या. काठीचा ठक ठक आवाज आत गेला आणि आतून हाक आली, "चात आलं घालू न्हवं, पावणं?"

"नको," मी म्हणालो. "आलं नको."

चहा झाल्यावर मामांनी मला स्टुलावर चढवून माळ्यावरची वही काढायला लावली. कापड सोडलं. पानं चाळताना ते मध्येच एखाद्या रेघोटीवर बोट ठेवत आणि स्वतःशीच म्हणत, "ह्ये बरोबर हाय." मोबाईल त्यांनी मांडीवर घेतला. दोनचं बटण दाबून पाहिलं. माझ्या खिशात फोन वाजला. त्यांनी सवयीनं मनगटाकडे पाहिलं.

निघताना ते दारापर्यंत आले. "पोचला की एक रिंग द्या."

राजारामपुरीपर्यंत बायको स्कूटरवर मागं बसून होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, सीटचा मागचा दांडा धरला. घरी येऊन ती सरळ आत गेली. तिच्याशी जे बोलायचं ते पुढचे कित्येक महिने बोलावं लागलं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी चपला न काढता फोन घेतला आणि नंबर फिरवला, एकेक आकडा. पलीकडे एक रिंग वाजली. नियमाप्रमाणे ठेवायचा होता. मी ठेवला नाही. दुसरी वाजली, आणि मामांनी उचलला.

"पावणं, एकच द्यायची असती."

"माहीत आहे," मी म्हणालो.

मागं काठीची ठक ठक ऐकू येत होती, कुकरची शिट्टी झाली, मामी काहीतरी पुटपुटल्या. मामांचा श्वास ऐकू येत होता. कितीतरी वेळ आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून उभे होतो, एक शब्द न बोलता. किती मिनिटं गेली ते मी मोजलं नाही. मामांनी मोजलं असेल. पण त्यांनी फोन ठेवला नाही.